जिनिंग आणि एमआयडीसी भागाचे फोटो काढताना कापूस मळकट का दिसतो?

तुम्ही विचारलंय की हिंगणघाटच्या जिनिंग भागात (जिथे कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी करतात) कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या अठरा-पंचावन्न मिमीच्या किट लेन्सने फोटो काढता, पण पांढरा कापूस राखाडी येतो आणि आतले फोटो धुरकट. लेन्स बदलायची गरज नाही. मळकटपणा एक्स्पोजरचा, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घेतला त्याचा आहे, धुरकटपणा रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) धुळीचा.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं धरून चालतं. कापसाच्या गंजीने फ्रेम भरली की ते पांढऱ्याला खाली ओढतं. म्हणून +१ किंवा +१.३ एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन द्या, म्हणजे मीटरपेक्षा उजेड मुद्दाम वाढवा, आणि हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आदळत नाही एवढं बघा. आदळला की धागे हरवतात आणि नुसता पांढरा ठिपका उरतो. उलट, अंधाऱ्या दारात थोडासाच कापूस उजेडात असेल तर −१ लागतं. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न आवळलेल्या मूळ फाइलमध्ये काढा.

जिनच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर फोटोत आडवे पट्टे येतात. १८ मिमीवर अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ३.५, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००. माणसाचे हात थोडे हलतील, हलू द्या. ट्रायपॉड मात्र नको: यंत्रं चालू असताना फरशीच थरथरते. भिंतीला खांदा टेकवलेला बरा.

फ्लॅश वापरू नका. हवेतला प्रत्येक तंतू लेन्ससमोर उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. उडणारी रुई हवीच असेल तर उघड्या दाराकडे तोंड करून, मागून येणाऱ्या उन्हात, काळ्या पार्श्वभूमीवर १/५०० ने टिपा.

बघण्यासारखी जागा म्हणजे डबल रोलर जिनचं, म्हणजे दोन रुळांच्या सरकी काढणाऱ्या यंत्राचं तोंड. चामड्याचे रूळ तंतू ओढून घेतात, रुळाला टेकलेली सुरी सरकी अडवते. पुढून रुई पापुद्र्यासारखी उतरते, सरकी खाली पडते. एका फ्रेममध्ये तिन्ही दिसायला यंत्राच्या बाजूने, कमरेच्या उंचीवरून काढा. समोरून फक्त पांढरा पडदा येतो. दुसरी जागा रुईच्या गाठी बांधणारी प्रेस. साधारण १७० किलोची गाठ दाबातून मोकळी होताच पट्ट्यांमध्ये फुगते, तो क्षण धरा. पण पट्टीच्या रेषेत उभे राहू नका. तुटली तर चाबकासारखी येते.

तंतू बारीक असतात आणि सगळीकडे शिरतात. लेन्स आत बदलायची नाही. कॅमेरा पिशवीत ठेवून बाहेर या, रबरी ब्लोअरने झटका, मगच कपडा लावा. मिलमधला भाऊ मायेने कॉम्प्रेसरची नळी पुढे करेल, कारण तो स्वतःचे कपडे त्यानेच झटकतो. नम्रपणे नाही म्हणा. त्या हवेत तेल आणि पाणी असतं.

परवानगी दिवाणजीकडून नाही, मालकाकडून घ्या, आणि वजनकाट्यावर सांगून आत जा. माचीस-लायटर बाहेर. दुपट्टा, सैल बाह्या यंत्राच्या फिरत्या पट्ट्याजवळ नकोत. काट्यावर रांगेत उभ्या शेतकऱ्याचा फोटो विचारूनच काढा. कापसाच्या भावाच्या चिंतेत असलेला माणूस कॅमेरा बघून चिडतो, आणि बरोबरच आहे.

हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. जानेवारीत सकाळी सात ते साडेआठ ऊन तिरपं असतं, गंजीच्या ओळी उठून दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी लांबून काढलेलं सगळं झळांमुळे लहरतं. तेव्हा रिकामी शेडं, गंजलेले पत्रे आणि कारखान्यांच्या धुराच्या चिमण्या यांवरच भागवावं लागतं. चिमणी काढताना कॅमेरा वर न करता मागे जा आणि आडवा सरळ धरा, खालची रिकामी जमीन नंतर कापा. नाहीतर ती मागे पडल्यासारखी दिसते.

ड्रोनचा विचार असेल तर गंजीवर तो खाली आणू नका, पंख्याच्या वाऱ्याने कापूस उडून मोटरीत जातो. वर्धा जिल्ह्यातल्याच पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडाराच्या परिसरात तर ड्रोनच काय, मोबाइलही वर करू नका.