मिश्र वस्तीत ख्रिस्ती सेवाकार्य करताना कसे अनुभव येतात?

सलाम. तुमच्या मंडळीला हिंदू, मुस्लिम, बौद्ध, परप्रांतीय अशा मिश्र वस्तीत काम सुरू करायचंय आणि लोक कसे घेतात, कुठे चुकतं असं तुम्ही विचारलंय, तर मी माझ्या अनुभवातलं सांगते. मी मूळची नगरची, लग्नानंतर पुण्यात नगर रोडच्या बाजूला आले आणि आमच्या चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालते ती आम्ही तिघीजणी बघतो. मुलं सगळीकडची आहेत, मराठवाड्यातून आलेल्यांची, बिहारी, दोन-तीन नेपाळी वॉचमनची, बरीच मुस्लिम घरातली आणि ख्रिस्ती अगदी थोडी.

पहिलं वर्ष छान गेलं. चूक झाली दुसऱ्या नाताळात. मुलांना केक, वही-पेन असं पाकीट द्यायचं ठरलं आणि आमच्यातल्याच कोणीतरी त्यात बायबलच्या वचनांचं कॅलेंडर आणि एक पत्रक टाकलं, शेवटी फोन नंबर आणि प्रार्थनेसाठी या असं. मला माहीत होतं, मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सात मुलं आलीच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकीचे वडील, इलेक्ट्रिकची कामं करतात ते, हॉलच्या दारात आले, कॅलेंडर नीट गुंडाळून रबर लावून आणलेलं, चपला काढल्या, ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ताई, आमचा राग नाही, पण पोरीला अभ्यासाला पाठवतो, देव बदलायला नाही. मला काय बोलावं सुचेना. कारण कॅलेंडर देण्यात वाईट काय असं मला तोपर्यंत खरंच वाटत होतं, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर मी त्यांच्या गरजेच्या गोष्टीला गुपचूप एक अट चिकटवली होती.

स्वतः ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, तुम्हाला माहीत असेलच, ती १८८९ ला मुंबईत सुरू झाली, पुढच्या वर्षी पुण्यात आली. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून पुण्यात गदारोळ झाला, सल्लागार मंडळातल्या लोकांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. इतक्या मोठ्या बाईंच्या कामावर संशय आला तिथे आपल्या अभ्यासिकेवर येणारच, हे आधीच धरून चाला. आणि कायद्याचंही माहीत असू द्या, कलम २५ मध्ये धर्म पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क आहे, पण १९७७ च्या स्टॅनिस्लाउस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की प्रसार म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करायचा हक्क नव्हे.

मग आम्ही तिघी त्या सातही घरी गेलो, चहा घेतला, सरळ माफी मागितली. पाच परत आली, दोन नाही आली. एकदा कोणीतरी मोबाईलवर हॉलचं शूटिंग करून तक्रार केली, पोलीस आले, रजिस्टर बघितलं, आणि तेव्हा आमच्या बाजूने बोलायला सगळ्यात आधी ते इलेक्ट्रिकवालेच पुढे आले, पाठोपाठ समोरच्या मटण शॉपचे चाचा.

खरं सांगू का, बाहेरच्यांपेक्षा घरातला त्रास जास्त होतो. चर्चच्या वार्षिक सभेत पंच विचारतात, एवढा लाइटबिलाचा खर्च, बाप्तिस्मे किती झाले? यातलं एकही मूल उपासनेला येत नाही मग हे सेवाकार्य कसलं? आमचे पाळकसाहेब पाठीशी उभे राहिले म्हणून निभावलं. त्यात भाषेचं वेगळंच. म्हाताऱ्यांना 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली जुनी मराठी गीतं हवीत, तरुणांना इंग्रजी गाणी आणि गिटार, तमिळ कुटुंबांना महिन्यातून एकदा तरी त्यांच्या भाषेत उपासना हवी, आणि यात कोणाचंच चूक नाहीये. दोन कुटुंबं या वादात चर्च सोडून गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पण आनंदाचे दिवसही आले. गेल्या वर्षी आवारात ख्रिस्ती झालेले कवी रेव्ह. ना. वा. टिळक यांच्या रचनांवर कीर्तन ठेवलं, टाळ-मृदंग लावून, बोर्डावर स्वच्छ लिहिलं होतं की ख्रिस्ती कीर्तन आहे. शेजारच्या वारकरी आजी मागे खुर्चीवर बसल्या आणि दुसऱ्या अभंगाला मांडीवर ताल धरला. टिळक स्वतः म्हणायचेच की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो. जाताना आजींनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्या परत आल्या नाहीत आणि मी बोलवायलाही गेले नाही, पण ती संध्याकाळ माझ्यासाठी साक्षच आहे. मी येशूवर विश्वास ठेवते, कोणी विचारलं तर मोकळेपणाने सांगते, पण आधी त्यांनी विचारू दे.

आता तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी. मदत आणि प्रार्थना यांची जागा, वेळ, दिवस वेगळे ठेवा आणि मूल घ्यायच्या आधी पालकांना हॉलमध्ये बोलवून काय चालतं ते दाखवा. खाऊ द्यायचा तर शाकाहारी द्या. रमजानमध्ये आम्ही वर्ग साडेचारला घेतो, म्हणजे मुलं इफ्तारला घरी पोचतात. आणि शिकवणाऱ्यांत वस्तीतलीच एखादी दुसऱ्या धर्माची बाई असू द्या, आमच्याकडे गणित शिकवते ती मुलगी मुस्लिम आहे, तिची आई रोज सात वाजता तिला न्यायला येते आणि दहा मिनिटं बसून मगच जाते.