गाडीचे सर्व्हिसिंग करणारे आणि घरपोच सामान आणणारे यांना बक्षिसी केव्हा आणि किती द्यावी?

आपला प्रश्न असा आहे की, नोकरीनिमित्त लातूरला नव्याने राहायला आल्यावर सर्व्हिस सेंटरमधील माणसांना, भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला आणि घरी जेवण, पार्सल, सिलिंडर किंवा पाण्याचे जार घेऊन येणाऱ्यांना टिप द्यावी का, द्यायची तर किती, आणि नाही दिली तर ते वाईट दिसते का. आपली नवी गाडी लवकरच पहिल्या सर्व्हिसिंगला जाणार असल्याचेही आपण लिहिले आहे. माझा व्यवसाय मालवाहतुकीचा आहे आणि माझा रोजचा संबंध ड्रायव्हर, मेकॅनिक आणि हमाल यांच्याशीच येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे यासाठी ठरलेली टक्केवारी नाही. अमेरिकेत हॉटेलच्या बिलावर पंधरा-वीस टक्के ठेवण्याची रीत आहे, कारण तेथे अनेक राज्यांत टिप मिळणाऱ्या कामगाराचे मूळ वेतनच कमी धरण्याची कायद्याने मुभा आहे. ती रीत येथे आणण्याचे कारण नाही. मराठवाड्यात बक्षिसी काम झाल्यावर, ज्याच्या हातून काम झाले त्याच्याच हातात आणि त्याने ठरल्याहून अधिक काही केले असेल तर दिली जाते. कामाआधी दिलेले आणि अडवून मागितलेले पैसे मी बक्षिसीत धरत नाही. सरकारचेही धोरण याच दिशेने गेलेले दिसते. हॉटेलांनी बिलात आपोआप सेवा शुल्क लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये बजावले, आणि मे 2025 मध्ये गाडी लवकर मिळण्यासाठी आगाऊ टिप मागण्याच्या पद्धतीवरून याच प्राधिकरणाने उबरला नोटीस काढली.

आता सर्व्हिस सेंटरचे पाहू. आपली गाडी नवी असल्यामुळे पहिल्या काही सर्व्हिसिंगची मजुरी आपल्याला लागणार नाही, फक्त ऑइल, फिल्टर असा माल बदलला तर त्याचे पैसे पडतील. पुष्कळ लोकांना वाटते की मजुरी फुकट म्हणजे मेकॅनिकने फुकट राबायचे, आणि त्या संकोचापोटी ते काहीतरी हातावर ठेवतात. वस्तुस्थिती अशी आहे की फ्री सर्व्हिसची मजुरी गाडीची कंपनी डीलरला देते आणि मेकॅनिकचा पगार डीलरकडून होतो. त्यामुळे या कारणासाठी टिप देण्याची गरज नाही.

ज्याच्याशी आपले बोलणे होते तो सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर असतो. तो जॉबकार्ड लिहितो, अंदाजे खर्च सांगतो आणि शेवटी बिल समजावतो. त्याला पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणते काम आवश्यक आणि कोणते नाही हे तोच सांगत असल्यामुळे त्याच्या आणि आपल्या मध्ये रोख पैसा येणे आपल्याच हिताचे नाही. त्याला खरा उपयोग होतो तो नंतर येणाऱ्या फोनचा. सर्व्हिसिंगनंतर दोन-चार दिवसांत कंपनीकडून फोन येतो आणि दहापैकी किती गुण द्याल असे विचारतात. त्या गुणांवर डीलरचे आणि अ‍ॅडव्हायजरचे मूल्यमापन होत असल्याने, काम मनासारखे झाले असेल तर फोन न टाळता पूर्ण गुण द्यावेत आणि त्याचे नाव घेऊन चांगले बोलावे. काम बिघडले असेल, तर तो दहा गुणांसाठी विनंती करतो म्हणून खोटे सांगू नये.

मेकॅनिक आणि वॉशिंगवाला यांची गोष्ट वेगळी आहे. ते आत, काचेच्या पलीकडे असतात आणि ग्राहकाला क्वचितच दिसतात. पावसाळ्यात आपण एकदा औशाकडच्या एखाद्या शेतरस्त्याने गाडी नेऊन पाहा: काळ्या रानाची चिकट माती चाकाच्या वरच्या पोकळीत अशी बसते की वाळल्यावर ती नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने सुटत नाही. वॉशिंगचा मुलगा उकिडवा बसून, घोट्यापर्यंत फेसाच्या पाण्यात पाय ठेवून, लाकडाच्या पट्टीने ती थराथराने खरवडतो, मग फवारा मारतो आणि पुन्हा खरवडतो. बिलात मात्र साध्या वॉशिंगचेच पैसे लागतात. अशा मुलाला पन्नास रुपये द्यावेत, तेही बाहेर बोलावून त्याच्याच हातात, कारण काउंटरवर ठेवलेली नोट त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. मेकॅनिकने आपल्याला आत बोलावून झिजलेले ब्रेक पॅड दाखवले, किंवा अजून पाच-सात हजार किलोमीटर चालतील, आताच बदलू नका असे प्रामाणिकपणे सांगितले, तर शंभर रुपये मी आनंदाने देतो, कारण त्याने आपले त्याहून जास्त पैसे वाचवलेले असतात. नेहमीच्या सर्व्हिसिंगला काही नाही दिले तरी कोणी मनात ठेवत नाही. काही सेंटरमध्ये ‘टिप देऊ नये’ अशी पाटी असते. तिथे ती पाळावी, नाहीतर आपल्या पन्नास रुपयांपायी त्याला बोलणी खावी लागतात. आणि कोणी ‘बिलाशिवाय बाहेर करून देतो, मला थोडे द्या’ असे म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणावे. त्या कामाची वॉरंटी राहत नाही, आणि उघडकीला आले तर त्याची नोकरी जाते.

गाडी घरून नेऊन परत आणून देणाऱ्या ड्रायव्हरला पन्नास रुपये पुरेत. रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीसाठी रात्री-अपरात्री येणाऱ्या मेकॅनिकला मात्र ठरलेल्या मजुरीवर शंभर-दोनशे जरूर द्यावेत.

बार्शी रोड किंवा अंबाजोगाई रोडवरच्या स्वतंत्र गॅरेजमध्ये उस्ताद स्वतःच मजुरी ठरवतो, म्हणून त्याला वेगळी बक्षिसी देण्याची रीत नाही. घासाघीस न करता ठरलेली रक्कम वेळेवर दिली तरी तो समाधानी असतो. त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराला वीस-तीस रुपये द्यावेत. ते पोर चौदा वर्षांच्या आतले दिसले तर मात्र त्याला पैसे देऊन आपल्या मनाचे समाधान करून घेऊ नये, कारण त्या वयाच्या मुलाला गॅरेजमध्ये कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. 1098 या क्रमांकावर कळवावे.

भाड्याच्या गाडीने तुळजापूरला, पुण्याला किंवा हैदराबादला जाणार असाल तर निघण्याआधी मालकाला एवढेच विचारावे की ड्रायव्हरचा भत्ता भाड्यात धरला आहे की वेगळा द्यायचा. वेगळा असेल तर तो त्याचा हक्काचा पैसा आहे, बक्षिसी नव्हे, आणि बहुतेक कुरबुरी या दोन्हींची गल्लत झाल्यामुळेच होतात. त्यावर एका दिवसाच्या प्रवासाला शंभर-दोनशे आणि मुक्काम असेल तर थोडे अधिक, हे आमच्याकडे रीतीला धरून आहे. पैशांइतकेच महत्त्व त्याच्या झोपेला आहे. रात्री आपण लॉजवर झोपतो आणि ड्रायव्हर गाडीच्या सीटवर पाय दुमडून पडतो, आणि सकाळी त्याच माणसाच्या हाती आपल्या लेकराबाळांचा जीव असतो. म्हणून त्याच्या झोपण्याची सोय काय आहे हे विचारून घ्यावे, आणि जेवायला थांबल्यावर ‘मामा, तुम्ही जेवलात का?’ हे विचारल्याशिवाय निघू नये.

घरी जेवण घेऊन येणाऱ्या मुलांबद्दल माझे मन अधिक हळवे आहे. त्यांना पगार नसतो; अंतर आणि ऑर्डर यांच्या हिशेबाने पैसे मिळतात, गाडी त्यांची आणि पेट्रोलही त्यांचेच. बिलात दिसणारा डिलिव्हरी चार्ज किंवा प्लॅटफॉर्म फी म्हणजे त्यांची टिप नव्हे. उलट 22 सप्टेंबर 2025 पासून या डिलिव्हरी चार्जवर 18 टक्के जीएसटीही लागतो, म्हणजे आपण जास्त मोजले म्हणून त्याच्या खिशात जास्त पडले असे होत नाही. नेहमीच्या वेळी वीस-तीस रुपये आणि पाऊस, रात्रीचे अकरा किंवा लिफ्ट नसलेला चौथा मजला असेल तर पन्नास, असे मी देतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी दीड वाजता आलेल्या मुलाला माठातले पाणी विचारणे मी टिपेच्याही आधी मानतो. त्याला ‘ए’ म्हणून हाक मारू नये. दादा, भाऊ, भाई, वयाने मोठा असेल तर काका किंवा मामा, एवढे आपल्या तोंडी असतेच.

पार्सल आणणाऱ्यांचे पुष्कळदा प्रत्येक पार्सलमागे ठरलेले पैसे असतात आणि दिवसभराची रास संपवायची असते, त्यामुळे त्यांना टिपेपेक्षा आपण वेळेवर फोन उचलणे आणि पत्त्यात जवळची खूण नीट लिहिणे अधिक उपयोगी पडते. माल हातात मिळाल्यावर पैसे द्यायचे असतील तर सुट्टे तयार ठेवावेत. हिशेबात दहा-वीस रुपये कमी भरले तर ते बहुधा त्यालाच पदरचे घालावे लागतात.

सिलिंडरच्या बाबतीत मात्र आपण ठाम राहू शकता. पावतीवर छापलेल्या किमतीत घरपोच आणण्याचा खर्च धरलेला असतो, त्यामुळे वर पैसे मागण्याचा अधिकार कोणाला नाही, आणि वजनाबद्दल शंका असेल तर तोलून दाखवण्यास सांगता येते. तरीही 14.2 किलो गॅस आणि रिकाम्या टाकीचे साधारण तेवढेच वजन, म्हणजे तीस किलोच्या आसपासचा बोजा खांद्यावर घेऊन तो तिसऱ्या मजल्यावर आला असेल, तर मी न मागता वीस रुपये देतो. मागितले असते तर पावती दाखवली असती. पाण्याच्या जारचेही तसेच. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते 2016 साल लातूरकर विसरलेले नाहीत, आणि वीस लिटरचा जार उन्हाळ्यात नियमाने वर चढवणाऱ्या माणसाला दर महिन्याचे पैसे देताना पन्नास-शंभर वेगळे काढून ठेवणारी अनेक घरे मला माहीत आहेत.

गंजगोलाईच्या बाजारातून किंवा शोरूममधून फ्रीज, कपाट आणवताना हमाली आधी ठरवावी: कितवा मजला, जिना किती अरुंद आहे, जुना फ्रीज खाली न्यायचा आहे का, हे सगळे सांगून. दारात वस्तू उतरल्यावर वाद घालणे दोघांनाही अवघड जाते. ठरलेली हमाली दिल्यावर, भिंतीला ओरखडा न पडता काम झाले असेल, तर माणशी पन्नास रुपये आणि चहा.

देण्याच्या पद्धतीबद्दल एक व्यावहारिक सूचना करतो. डिलिव्हरीवाला मोबाइलवर जो क्यूआर कोड दाखवतो तो बहुधा कंपनीच्या खात्याचा असतो, त्यामुळे त्यात वीस रुपये जास्त टाकले तर ते त्याला मिळत नाहीत. अ‍ॅपमधून टिप देता येते. रोख द्यायची असेल तर दाराजवळच्या डब्यात दहा-वीसच्या नोटा ठेवाव्यात, आणि नोट नसेल तर ‘दादा, तुमचा स्वतःचा नंबर सांगा’ असे म्हणून थेट त्याच्या खात्यावर पाठवावेत.