बालीचं बुकिंग पुढे ढकललं, आता हॉटेल जादा पैसे मागतंय

प्रश्न : जून २०२५ मध्ये आम्ही दोघं बालीला जाणार होतो. उबुदमधलं हॉटेल मार्चमध्येच एका बुकिंग वेबसाइटवरून क्रेडिट कार्डाने बुक केलं होतं. १९ जूनपासून पाच रात्री, ९६,४०० रुपये, 'नॉन-रिफंडेबल'. ज्वालामुखीच्या राखेमुळे १८ तारखेचं विमान रद्द झालं. वेबसाइटच्या चॅटवर 'तारीख पुढे ढकलू, ३१ मार्च २०२६ पर्यंत कधीही या' असं सांगितलं, आम्ही हो म्हटलं. आता ९ मार्चपासूनच्या पाच रात्री मागितल्या तर ३८,००० रुपये दरफरक मागतायत. रिफंड मागितला तर म्हणतात, बदल तुम्हीच मान्य केलात. काय करावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सगळ्यात आधी ज्वालामुखी विसरा. तुमच्या तक्रारीचा सगळा भर त्याच्यावर आहे आणि नेमका तोच मुद्दा लंगडा आहे. लेवोटोबी लाकी-लाकी हा ज्वालामुखी फ्लोरेस बेटावर आहे, बालीवर नाही. उबुदमधलं हॉटेल त्या दिवशी उघडं होतं, तुमची खोली तयार होती. करार कायद्याचं कलम ५६ लागायला कराराची पूर्तताच अशक्य व्हावी लागते. तुम्ही पोचू शकला नाहीत, ही हॉटेलच्या बाजूची अशक्यता नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये लॉकडाऊनमधल्या तिकिटांच्या परताव्याचा आदेश दिला होता. तो हल्ली जो तो नोटिशीत टाकतो, पण तो विमानतिकिटांपुरता आहे, हॉटेलला लागत नाही.

तुमची खरी बाजू आहे ती चॅटवरच्या आश्वासनात. 'बदल तुम्हीच मान्य केलात' हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, पण ते त्यांच्याही गळ्यात पडतं. दोन्ही पक्षांनी मिळून करार बदलला की कलम ६२ प्रमाणे जुन्याची जागा नवा करार घेतो आणि तो दोघांनाही बांधतो. नव्या करारात ठरलं काय, तर भरलेले पैसे जमा राहतील आणि ३१ मार्चपर्यंत पाच रात्री मिळतील. म्हणून आज रात्रीच ते चॅट उघडा आणि त्यातला प्रत्येक शब्द वाचा. दरफरकाचा उल्लेखच नसेल तर ३८,००० ची मागणी सरळ कराराचा भंग आहे. 'उपलब्धता आणि त्या वेळच्या दरानुसार' असं कुठे लिहिलेलं असेल तर बाजू कमजोर होते, पण संपत नाही. त्याच वेबसाइटवर त्याच खोलीचा, त्याच पाच रात्रींचा, नाश्ता-करासकट आजचा दर काढा. तुम्ही रात्रीला १९,२८० भरलेत. समजा आजचा एकूण दर १,०४,००० दिसला, तर फरक ७,६०० होतो. उरलेले ३०,४०० कशाचे, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या.

चॅटही आजच पूर्ण उतरवून घ्या. बुकिंग बंद झालं की अनेक ॲपवर जुनं संभाषण दिसेनासं होतं.

आता एक गोष्ट अजिबात करू नका : ॲपवरचं 'कॅन्सल' बटण दाबू नका. ते दाबलंत की नोंद पडते, ग्राहकाने स्वतःहून रद्द केलं, परतावा शून्य. नवा करार तुम्हीच मोडल्यासारखं होतं. उलट ईमेलवर दोन पर्यायी तारखा मागा, म्हणजे तुम्ही यायला तयार होतात हे कागदावर येईल. तारखा निवडताना १९ मार्च २०२६ टाळा. त्या दिवशी न्येपी, म्हणजे बालीतला मौनाचा दिवस आहे, बालीचा विमानतळ २४ तास बंद असतो. तेव्हाचा चेक-इन मागितलात तर तुमची मागणीच पोरकट ठरेल. त्याच ईमेलमध्ये लिहा की जादा रक्कम न घेता खोली द्या, नाहीतर सात दिवसांत ९६,४०० परत करा. आधी खोली, ती नाही तर पैसे, हा क्रम उलटवू नका.

पैसे कोणाच्या खिशात आहेत, हे कार्डाच्या स्टेटमेंटवरून कळेल. रुपयांत आणि वेबसाइटच्या नावाने रक्कम गेली असेल तर पैसे वेबसाइटने घेतलेत. अशा वेळी वेबसाइट पुष्कळदा हॉटेलला एक व्हर्च्युअल कार्ड (फक्त ऑनलाइन वापरायचा कार्ड नंबर) देते आणि हॉटेल त्यातून चेक-इनच्या सुमारास पैसे काढतं. हॉटेलला दोन ओळींचा ईमेल टाका : या बुकिंगचे पैसे तुम्हाला मिळाले का, कधी? 'नाही' असं उत्तर आलं तर निम्मी केस तिथेच जिंकलीत.

मग बँक. कार्डाच्या व्यवहाराला हरकत घ्यायच्या 'डिस्प्यूट' फॉर्मवर 'फसवणूक' निवडू नका. ओटीपी तुम्हीच दिला होता, त्यामुळे तो दावा फेटाळला जातो आणि वर कार्ड ब्लॉक होतं. 'सेवा मिळाली नाही' हा प्रकार निवडा. मुदत साधारणपणे सेवा अपेक्षित होती त्या दिवसापासून १२० दिवस असते. बँक जून धरून 'उशीर झाला' म्हणेल. तुम्ही मार्चची बदललेली तारीख दाखवा. परतावा परकीय चलनात आला तर विनिमय दरामुळे आणि बँकेच्या मार्कअपमुळे (परकीय चलनातल्या व्यवहारावरचं शुल्क) रक्कम थोडी कमी येईल, त्यावर भांडत बसू नका.

सोबतच वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण करणं बंधनकारक आहे. भारतीय ग्राहकांना नियमित सेवा विकणाऱ्या परदेशी वेबसाइटलाही हे नियम लागतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा, फुकट आहे. कागदी नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा (रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं).

एवढ्याने हललं नाही तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथे तक्रार करायचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ ने दिलाय. वेबसाइटच्या अटींत परदेशी कोर्ट किंवा लवाद लिहिला असला तरी कलम १०० मुळे हा मार्ग खुला राहतो. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. वेबसाइटला सामनेवाले क्रमांक १ करा, हॉटेलला क्रमांक २. फक्त हॉटेलविरुद्ध गेलात तर आदेश मिळेलही, पण इंडोनेशियात त्याची वसुली करणं जवळपास अशक्य.

तक्रारीत 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' एवढंच लिहा. उत्साहाच्या भरात 'नॉन-रिफंडेबल ही अटच अन्यायकारक करार आहे' असं लिहिलंत तर तो विषय राज्य आयोगाच्या अधिकारात जातो आणि जिल्हा आयोग तक्रार परत करू शकतो. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडा. मूळ रक्कम, त्यावर ९ टक्के व्याज, त्रासापोटी पंधरा-वीस हजार आणि खर्च, इतकं मागा. पाच लाखांची नुकसानभरपाई मागून काही हाती लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ती त्यांच्या नकारापासून मोजता येते, पण वाद नको म्हणून जून २०२७ च्या आत दाखल करा.

प्रवास विमा काढला होता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. काढला असेल तर पॉलिसीतली कळवायची मुदत आधी पाहा. विमा कंपनी विमान रद्द झाल्याचं एअरलाइनचं पत्र आणि 'परतावा दिलेला नाही' असं हॉटेलचं लेखी उत्तर मागेल. दोन्हीची मागणी याच आठवड्यात करून ठेवा.