प्रीमियर पद्मिनीला नवीन कार्ब्युरेटर कुठला बसवावा?

आधी जुन्या कार्ब्युरेटरचा (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) एक चेक करा प्लीज, गाडी आयडलला (चालू, पण ॲक्सिलरेटर न देता) ठेवून थ्रॉटल शाफ्टच्या (कार्बमधली, ॲक्सिलरेटरने फिरणारी दांडी) दोन्ही टोकांना कार्ब क्लीनर मारा, आरपीएम बदलला म्हणजे तिथून हवा खेचतेय आणि मग कितीही ट्यूनिंग केलं तरी आयडल हलणारच. कार्बची बॉडी चांगली असेल तर लेथवाल्याकडून शाफ्टला बुश (धातूची छोटी नळी) टाकून घ्या, आतल्या गॅस्केट वगैरेचं किट बदला, गाडीचा जुना सोलेक्स कंपनीचा कार्बच मस्त चालतो.

नवाच घ्यायचा असेल तर सिंगल बॅरल (हवेची एकच वाट असलेला) सोलेक्सच घ्या, मोठा डबल बॅरल वेबर वगैरे अजिबात नको. इंजिन आहे 1089 सीसीचं, 4800 आरपीएमलासुद्धा मिनिटाला जेमतेम 90 घनफूट हवा ओढतं, एवढ्याशा हवेला व्हेंच्युरी (कार्बमधला हवेचा अरुंद गळा) मोठी दिली की हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे नीट बारीक थेंब होत नाहीत आणि सिग्नलवरून उचलताना गाडी गचके खाते.

दुसऱ्या गाडीचा कार्ब बसतो असं मेकॅनिक म्हणाला तर बोल्टची भोकं, लिंकेज, बॉनेटखालची उंची बघाच, पण मुख्य म्हणजे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं). ते त्या इंजिनचे असतात, जुळवावेच लागतात. थोडी गाडी चालवून स्पार्क प्लग काढून बघा, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा काजळीवाला म्हणजे जास्त, फिकट तपकिरी आला की जमलं.