दशांशाची ‘थकबाकी’ आणि मुलीचं लग्न

प्रश्न : आम्ही पुणे जिल्ह्यातल्या एका स्वतंत्र ख्रिस्ती मंडळीचे सभासद आहोत. माझे पती दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांनी चर्चच्या नव्या इमारतीसाठी १,५०,००० रुपये देण्याचं संकल्पपत्र भरलं होतं. त्यातले ६०,००० त्यांनी दिले. आता कमिटीने पत्र पाठवलंय. इमारतीचे राहिलेले ९०,००० आणि माझ्या १८,००० रुपयांच्या फॅमिली पेन्शनवर २४ महिन्यांचा दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) ४३,२००, असे एकूण १,३३,२०० रुपये मागितले आहेत. पुढच्या तारखांचे चेक आणि सही केलेलं हमीपत्र दिलं नाही तर मुलीचं लग्न चर्चमध्ये लावणार नाहीत, सभासद यादीतून नाव काढतील आणि दफनभूमीत आमच्या कुटुंबाला जागा देणार नाहीत. ख्रिस्ती माणसावर आज दशांश बंधनकारक आहे का? देवाचं देणं बुडवलं असं होईल का?

उत्तर : ताई, आधी एक करा. चेक देऊ नका आणि हमीपत्रावर सही करू नका. पाळक घरी आले, प्रार्थना झाली, भीड पडली, तरीही नाही. आज तुमच्यावर दशांशाचं कुठलंही कायदेशीर देणं नाही. पण चेक दिला आणि तो वटला नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट या चेकविषयीच्या कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. देणगीपोटी दिलेला चेक हे कायदेशीर कर्ज नव्हे, असा बचाव तुम्हाला करता येईल आणि तो चांगला बचाव आहे. मात्र चेक कायदेशीर देण्यापोटीच दिला होता असं कोर्ट सुरुवातीला गृहीत धरतं आणि ते खोडून काढायचं ओझं तुमच्यावर येतं. नसलेल्या देण्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखांना उभं राहण्याची पाळी ओढवून घेऊ नका.

आता दशांश. काही देशांत चर्चसाठीची वसुली सरकारी कायद्याने झाली आहे. इंग्लंडमध्ये शेतकऱ्याच्या पिकावर दशांश होता, १८३६ च्या कायद्याने त्याची रोख आकारणी झाली आणि १९३६ मध्ये ती रद्द झाली. जर्मनीत आजही सरकार नोंदणीकृत चर्च-सभासदांकडून आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च-कर वसूल करतं. भारतात असा कायदा नाही. संविधानाच्या अनुच्छेद २७ नुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर भरायची सक्ती कोणावरही करता येत नाही. इथे दशांश म्हणजे दान, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे दान स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवाय होतं. जे स्वेच्छेनेच द्यायचं, ते दिलं नाही म्हणून त्याची थकबाकी साचत नाही. कमिटीने ४३,२०० चा आकडा कितीही काटेकोर काढला असला तरी त्यावर दिवाणी दावा टिकणार नाही.

‘देवाचं देणं’ या प्रश्नाचं उत्तर वकिलाने द्यायचं नसतं, पण तुमच्या पत्रातली भीती तिथेच आहे म्हणून लिहितो. मंडळ्यांमध्ये याबाबत एकमत नाही. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट आणि पुष्कळ पेंटेकॉस्टल मंडळ्या दशांश शिकवतात, आणि तो मनापासून देणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. कॅथलिक चर्चचा १९८३ चा धर्मकायदा, नियम २२२, चर्चच्या गरजा भागवणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य मानतो, पण टक्का ठरवत नाही. नव्या करारात पौल करिंथकरांना लिहितो की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून देऊ नये. कमिटीच्या पत्रात जुन्या करारातल्या मलाखी या पुस्तकाचा तिसरा अध्याय आहे, दशांश न देणं म्हणजे देवाला लुटणं असं सांगणारा. त्यांनी जुन्या करारातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा चौदावाही वाचावा. तिथे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (देवाच्या सेवेतला वंश), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून गावात साठवायला सांगितला आहे. मोशेच्या नियमशास्त्रात विधवा ही दशांशावर जगणाऱ्यांत आहे. तिच्या पेन्शनचा दहावा हिस्सा थकबाकी म्हणून मागणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

संकल्पपत्राचं प्रकरण थोडं वेगळं आहे. नुसतं देणगीचं वचन करार कायद्याने बांधील धरत नाही, कारण त्यात मोबदला नसतो. अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर १९१४ मध्ये मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेल्या ५०० रुपयांचा दावा आला होता, तो फेटाळला गेला. पण १८८६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने हावड्याच्या टाउन हॉलसाठी १०० रुपयांची वर्गणी कबूल करणाऱ्याला ती भरायला लावली, कारण अशा वर्गण्यांच्या भरवशावर तिथल्या आयोजकांनी कंत्राटदाराशी करार करून स्वतःवर देणं ओढवून घेतलं होतं आणि हे वर्गणीदाराला माहीत होतं. पुढे मद्रासमध्ये, १९३६ साली, देवळाच्या दुरुस्तीचं काम आधीच चालू होतं आणि खर्चासाठी नंतर वर्गणी मांडली गेली, तेव्हा वर्गणीदार सुटला. म्हणून तुमच्या यजमानांनी संकल्पपत्र कधी भरलं आणि बांधकामाचा करार कधी झाला, या दोन तारखा मिळवा. त्यावर बरंच अवलंबून आहे.

समजा तारखा कमिटीच्या बाजूने निघाल्या. तरी मृताचं देणं वारसांकडून फेडून घेता येतं ते त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच. तुमची फॅमिली पेन्शन त्या मालमत्तेत मोडत नाही. ती तुमची स्वतःची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये व्हायोलेट इसाक यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. ९०,००० च्या मागणीला म्हणूनच पेन्शनकडे बोट दाखवता येत नाही.

आता धमक्या. सभासदत्वाबद्दल तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. मंडळीच्या नोंदणीकृत घटनेत वर्गणी भरणाऱ्यालाच मताचा हक्क, असं कलम असू शकतं आणि ते सहसा ग्राह्य धरलं जातं. घटनेची आणि लेखापरीक्षित हिशेबांची प्रत धर्मादाय आयुक्त कार्यालयातून मागा. घटनेत दशांशाची अट नसेल तर कमिटीला ती आयत्या वेळी घालता येणार नाही. घटना मोडून कारभार चालला असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-अ खाली आयुक्तांकडे निर्देश मागता येतात.

दफनभूमीची धमकी मात्र गंभीर आहे. जागा महापालिकेची असेल तर कमिटीला नाही म्हणण्याचा अधिकारच नाही. ट्रस्टची असेल तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा पुढे येतो. तो जातपंचायतींच्या अनुभवातून आला खरा, पण त्यातली समुदायाची व्याख्या धर्मालाही लागू आहे. समुदायातल्या माणसाला धार्मिक विधीपासून रोखणं त्यात बहिष्कार ठरू शकतं आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. निव्वळ धार्मिक कारणावरून धर्मबाह्य करण्याच्या अधिकाराला सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या सैदना (दाऊदी बोहरांचे धर्मगुरू) निकालाने संरक्षण दिलं होतं आणि तो मुद्दा आता मोठ्या पीठाकडे गेला आहे. पण पैसे भरले नाहीत म्हणून दफन नाकारणं याला धर्मश्रद्धेचा प्रश्न म्हणणं कमिटीला फार जड जाईल.

शापाची भीती घातली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. व्यासपीठावरून मलाखी वाचणं गुन्हा नाही. मात्र ‘पैसे दिले नाहीत तर मी अमुक करीन आणि देवाचा कोप तुमच्यावर ओढवेल’ असं कुणी म्हणत असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५४ पाहावं लागेल. तसं घडलं असेल तर तारीख आणि शब्द लिहून ठेवा.

लग्नाबद्दल घाबरू नका. अमुक पाळकाने लग्न लावलंच पाहिजे अशी सक्ती त्याच्यावर सहसा करता येत नाही, पण भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ खाली अधिकार असलेल्या दुसऱ्या कोणत्याही पाळकाकडून किंवा विवाह निबंधकाकडून लग्न लावता येतं. (तुमची मंडळी स्वतंत्र आहे, तेव्हा तुमच्या पाळकांकडे या कायद्याखालचा परवाना आहे का, हे एरवीही विचारायला हवं. लग्नं लावणाऱ्या पण परवाना नसलेल्या पाळकांमुळे मुली दाखल्यासाठी अडकून पडतात.) विशेष विवाह कायद्याची वाट निवडली तर ३० दिवसांची नोटीस लागते, ते धरून तारीख काढा.

कमिटीला नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने चार ओळींचं उत्तर पाठवा. दशांशाची मागणी मान्य नाही. संकल्पपत्राची आणि बांधकाम कराराची प्रत द्यावी. लग्न आणि दफनाबाबतची अट लेखी मागे घ्यावी, त्यासाठी १५ दिवसांची मुदत. देवाला काय द्यायचं ते मी ठरवीन, हेही लिहायचं असेल तर जरूर लिहा. उत्तर आलं नाही तर पत्राची पोच, कमिटीचं मूळ पत्र आणि यजमानांच्या ६०,००० च्या पावत्या घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.