नाला कागदावर नव्हता

"मॅडम, मी ढोंगी आहे का?" खुर्चीत टेकता टेकताच तिने विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वितळणाऱ्या हिमनद्यांचे व्हिडिओ पाहून तिला रात्र रात्र झोप लागत नव्हती, आणि दिवसा हातून काहीच होत नव्हतं. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बरेच जण येतात, आणि जवळजवळ सगळेच स्वतःला दोष देत येतात.

मी तिला कागदावर एकात एक वर्तुळं काढायला लावली. मधोमध ती, पर्यावरणाची जी जी चिंता छळते, ती आपापल्या अंतरावर. सगळं कडेला गेलं: ध्रुवावरचा बर्फ, जळणारी जंगलं, पुढच्या पिढ्या. घरामागच्या काळ्या पडलेल्या नाल्याबद्दल ती मघाशीच बोलली होती, तो मात्र कागदावर नव्हता. "तो काय, नेहमीचाच," ती म्हणाली.

यात ढोंग कुठे आहे? याकोव्ह ट्रोप आणि निरा लिबरमन या मानसशास्त्रज्ञांनी मानसिक अंतराचे चार पदर सांगितले आहेत: काळाचं, जागेचं, आपलं-परकं यातलं, आणि 'होईल की नाही' या शंकेचं. गोष्ट जितकी दूर, तितका तिचा विचार ढोबळ. 'पृथ्वी वाचवायला हवी' हे मनापासून पटतं, पण उद्या सकाळी काय करायचं ते त्यात सापडत नाही. पर्यावरण-मानसशास्त्रज्ञ डेव्हिड उझेल यांनी 2000 साली मांडलेलं निरीक्षण मला याहून बोचतं: पर्यावरणाचे प्रश्न जितके दूरचे तितके लोकांना गंभीर वाटतात, जबाबदारी मात्र जवळच्या प्रश्नांचीच वाटते. जिथे प्रश्न सर्वांत मोठा भासतो, तिथेच माणूस सर्वांत हतबल.

मग अंतर कमी केलं की झालं, असं मलाही वाटलं, आणि मी चुकले. "2050 साली तुमची लेक किती वर्षांची असेल?" मी विचारलं. ती गप्प झाली. पुढच्या भेटीला आलीच नाही. तीन आठवड्यांनी आली तेव्हा म्हणाली, "त्या दिवसापासून मी बातम्या बघणंच सोडलं." धोका मी तिच्या दारात आणून ठेवला होता, पण करण्यासारखं काही हाती दिलं नव्हतं. अशा वेळी माणूस दार लावून घेतो. त्याला बेफिकीर म्हणणं अन्यायाचं आहे.

तोच कागद पुन्हा समोर घेतला. या वेळी एवढंच विचारलं, "यातलं काय तुम्हाला चालत जाऊन बघता येईल?" बराच वेळ गेला. मग तिने पेन उचलून मधल्या वर्तुळालगत 'नाला' लिहिलं.

त्या आठवड्यात मायलेकी काठाकाठाने चालत गेल्या. कचरा कुठून पडतो, कोणत्या वेळी, हे तिने वहीत टिपलं. शेजारच्या दोघींना दाखवलं. तिघींनी मिळून अर्ज दिला. हिमनद्यांचे व्हिडिओ अजून रडवतात, असं ती सांगते. ते रडू थांबवायला मी जात नाही.

अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी तिघी स्वतः जाऊन विचारणार आहेत.