पगाराऐवजी बिल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) १८ लाख. कंपनी म्हणते, राजीनामा द्या आणि तेवढ्याच रकमेवर कॉन्ट्रॅक्टवर या. फायदा आहे का?

करात आहे, आणि चांगलाच. आयटी, इंजिनिअरिंग, वकिली, वैद्यकी अशा ठरावीक व्यवसायांना जमा रकमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. मग हिशेबाच्या वह्या नकोत, ऑडिट नको. १८ लाखांचे झाले ९ लाख. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. बिलांतून १० टक्क्यांनी कापलेला १ लाख ८० हजारांचा टीडीएस रिटर्न भरल्यावर परत. हाच १८ लाख पगार असता, तर साधारण दीड लाख कर गेला असता.

पण ‘तेवढ्याच रकमेवर’ का? भरपगारी रजा, ग्रुप मेडिक्लेम, नोकरीची शाश्वती तुम्ही सोडताय. कर वाचला तो तुमचा, त्यातून कंपनीची भरपाई कशाला? मी २२ लाखांखाली बोलणार नाही. २० लाखांपुढे जीएसटी नोंदणी लागते, पण तो १८ टक्के बिलावर वेगळा लागतो आणि कंपनीला सहसा त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तिने भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो. एक सांभाळा: तीच हजेरी, तेच रजेचे अर्ज चालू राहिले, तर आयकर खातं याला पगारच म्हणू शकतं.

प्रश्न: नाशिकला आर्किटेक्ट आहे. एक कंपनी बिलं चार-चार महिने अडकवते.

काम घेण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करा. आधार-पॅनवर होते, फुकट. मग लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज. केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाय मुदत चुकवली, तर पैसे देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजा मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मार्चअखेर त्यांच्या अकाउंट्समधून आपसूक फोन येतात.

प्रश्न: कॉन्ट्रॅक्टवर असताना गृहकर्ज मिळेल?

मिळतं, पण बँका साधारण दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात आणि पात्रता बहुधा दाखवलेल्या उत्पन्नावरच धरतात. घर घ्यायचं असेल, तर निम्म्यावर थांबू नका; खरा नफा जास्त असेल तेवढा दाखवा आणि कर भरा.